गाडी वेळेवर सोडावी की भरल्यावर?

परभणीहून पोखर्णीला श्रीनृसिंहाच्या दर्शनाला तुम्ही गेला असाल, तर दोन प्रकारची वाहने पाहिली असतील. परळीकडे जाणारी आगगाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटते. चुकली तर पुढची पकडावी. जीप मात्र भरल्याशिवाय हलत नाही. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती केव्हा काढावी, हा वाद नेमका या दोन वाहनांचा आहे.

लिनक्सवर आधारलेल्या मुक्तस्रोत प्रणाली जगभरचे लोक मिळून लिहितात. त्यांपैकी डेबियन ही जीपच्या पंथाची. तयार होईल तेव्हा निघणार! तिची एक आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची थेट जून २००५ मध्ये. या पद्धतीत एक अडचण असते. पुढची संधी केव्हा येईल याचा भरवसा नसला, की जो तो आपले काम याच आवृत्तीत घुसवू पाहतो. नवे काम आले की नव्या चुका आल्या. त्या निस्तरेपर्यंत आणखी कोणी काही घेऊन येतो. जीपवाला 'अजून एक बसेल' म्हणतो ना, तसेच! आता डेबियनही साधारण दोन वर्षांनी येते.

उबुंटूने ऑक्टोबर २००४ पासून आगगाडीची पद्धत धरली. दर सहा महिन्यांनी, एप्रिल व ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती निघते. अपुरे काम फलाटावर राहते. तरीही एप्रिल २००६ ची गाडी त्यांनी मुद्दाम रोखली आणि १ जूनला सोडली, कारण ती आवृत्ती दीर्घकाळ सांभाळायची होती. मला ही मोडलेली शिस्त आवडते.

मग तुम्हीही दर सहा महिन्यांनी प्रणाली बदलावी का? मुळीच नको. मी एकदा हौसेने ऑक्टोबरची आवृत्ती आमच्या प्रयोगशाळेतील सगळ्या संगणकांवर बसवली. अशा आवृत्तीला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नऊच महिने मिळतात. जुलैत प्रात्यक्षिके तोंडावर आली आणि सारा खटाटोप पुन्हा करावा लागला. सम वर्षातील एप्रिलच्या आवृत्तीला मात्र त्या पाच वर्षे मिळतात. शाळेला तीच बरी.

तुमच्या शाळेत उबुंटू असेल तर तिचा क्रमांक पाहा. २४.०४ म्हणजे २०२४ चा चौथा महिना. तिच्या दुरुस्त्या २०२९ पर्यंत येत राहतील. २३.१० दिसले, तर सरांना आजच सांगा. तिच्या दुरुस्त्या जुलै २०२४ मध्येच थांबल्या आहेत.