बॅटरीच्या खोक्यावरचा आकडा

डिसेंबरच्या सकाळी बटण दाबले आणि इंजिनाऐवजी नुसते ‘कट-कट’ ऐकू आले, की सगळा दोष थंडीवर जातो. खरे नुकसान मात्र मे महिन्यातच झालेले असते. शिसे-आम्ल बॅटरीतल्या रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, आणि त्यात बॅटरी खाणाऱ्या क्रियाही आल्या. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेलेला असताना उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली प्लेटांची जाळी झपाट्याने गंजत असते. हिवाळ्यात ऑइल घट्ट होते, आम्लातली क्रिया मंदावते आणि ही झीज उघडी पडते.

पूर्वी याचे फारसे कुणाला वाटत नसे. कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्यांत स्पार्क आणि हेडलाइट दोन्ही थेट मॅग्नेटोच्या विजेवर चालत. बॅटरी उतरली तर हॉर्न मुका व्हायचा, इंडिकेटर मिणमिणायचे. किक मारली की गाडी चालू. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम पेटता ठेवणे सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि त्याबरोबर बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शन. आता इंजिन फिरण्याआधीच पेट्रोलच्या पंपाला आणि कंट्रोल युनिटला वीज हवी असते. बॅटरी पार उतरली असेल तर धक्का मारूनही गाडी सुरू होईल याची खात्री नाही, आणि अनेक मॉडेलांची किक तर केव्हाच गेली.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘किती एएच?’ हा. अँपिअर-अवर हा आकडा साठा सांगतो. ५ एएचची बॅटरी अर्धा अँपिअर वीज साधारण दहा तास पुरवते. पण सेल्फच्या मोटरला दहा तास काहीच नको असते. तिला एक-दोन सेकंदांपुरते, इंजिनाच्या आकाराप्रमाणे, पन्नास-शंभर अँपिअर हवे असतात. ते मिळणार की नाही हे प्लेटांच्या क्षेत्रफळावर आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधावर ठरते. त्यासाठी सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) हा वेगळा आकडा आहे: उणे १८ अंशांना, ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता बॅटरी किती अँपिअर देते. उणे १८ महाराष्ट्रात कुणी पाहणार नाही, तरी एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांतली जोमदार कोणती हे या आकड्यावरून कळते. नावातल्या अंकावर मात्र विसंबू नये. ‘वायटीएक्स९-बीएस’ या प्रचलित मापाची बॅटरी ९ नव्हे, ८ एएचची असते. ‘वायटीएक्स१४-बीएस’ १२ एएचची.

मग ट्रेमध्ये बसेल तेवढी मोठी घ्यावी? टाकी मोठी बसवली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. सिग्नलला थांबत-थांबत ऑफिस गाठणाऱ्या गाडीचा मॅग्नेटो मंद फिरण्यावर जेमतेम वीज देतो, त्यातली बरीच हेडलाइट खातो. वरून मोबाइल चार्जर, जादा दिवे आणि गाडी बंद असतानाही थेंबथेंब वीज ओढणारा जीपीएस ट्रॅकर. हा जमाखर्च बॅटरी बदलून जुळत नाही.

म्हणून पैसे मोजण्याआधी मल्टिमीटर लावून घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दिसते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे. आणि इंजिन चालू असताना, थोडा रेस दिल्यावर, तो १३.५ ते १४.८ च्या दरम्यान हवा. १३ च्याही वर जात नसेल किंवा १५ ओलांडत असेल, तर मॅग्नेटोची कॉइल, वायरिंग किंवा आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) आधी तपासावे. नाहीतर नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेने जाते.

आता प्रकार. गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केलेली शिसे-आम्लाची रचनाच आजही सीटखाली आहे. फरक एवढाच की व्हीआरएलए या सीलबंद प्रकारात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते. पाणी टाकावे लागत नाही. लिथियमच्या दुचाकी बॅटऱ्यांत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट असते. त्यावरचा पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा शोधनिबंध १९९७ चा. गुडइनफ यांना पुढे, २०१९ मध्ये, लिथियम-आयन बॅटऱ्यांवरच्या कामासाठी नोबेल मिळाले. ही बॅटरी शिशाच्या तुलनेत साधारण तिसरा हिस्सा वजनाची आणि बरीच महाग. शर्यतीच्या गाडीला तीन किलो कमी होणे मोलाचे. रोज शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर दूध, भाजी आणि शाळा करणाऱ्याने त्यासाठी खिसा का रिकामा करावा? लडाखच्या गोठत्या सकाळी तर ती आधी आळस देते. शिवाय खोक्यावर ‘समतुल्य’ म्हणून छापलेला एएच हा बहुधा सुरू करण्याच्या ताकदीचा असतो, साठ्याचा नव्हे.

निवड झाली की उत्पादनाची तारीख वाचावी आणि प्लस कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. तेच माप, पण टर्मिनल उलटे, अशा बॅटऱ्या सर्रास मिळतात. ॲसिड पॅक वेगळा येणाऱ्या बॅटरीत ॲसिड भरून लगेच गाडीत बसवण्याची घाई बरी नाही. नुसत्या ॲसिडवर ती सुमारे ८० टक्केच भरते. उरलेले चार्जरवर सावकाश भरून घ्यावे. काढताना मायनस आधी, बसवताना प्लस आधी, म्हणजे पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही. जुनी बॅटरी दुकानातच परत द्यावी आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून शिसे परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाल्याकडून तीच बॅटरी एखाद्या उघड्या भट्टीत पोहोचली, तर शिशाचा धूर आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरतो.