विम्याच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रातले संगणक का अडकतात? दोष दरवेळी ‘सर्व्हर’चा नसतो

बीड : पीक विम्याची मुदत संपत आली की गेवराई असो की पाटोदा, सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात आणि आतून एकच उत्तर येतं, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली होती. पण मुदत दरवेळी वाढेलच, असं नाही.

शेवटच्या दिवसांत पोर्टलवर ताण येतो, हे खरंच. मात्र काही वेळा पोर्टल चालू असतं आणि अडकलेलं असतं केंद्रातलं नेटवर्क. अनेक ठिकाणी सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाचे स्कॅन एकाच संगणकावर ठेवतात. बाकीचे संगणक तिथूनच फाईल उघडतात. सकाळी एकटा माणूस बसला तर फाईल लगेच उघडते. दुपारी पाच जण एकदम बसले की पडद्यावर नुसतं चक्र फिरतं. एका पाईपलाईनवर पाच कॉक उघडल्यावर पाण्याची धार बारीक होते, तसाच हा प्रकार.

आधी दोष कुठे ते ओळखा

ज्या संगणकावर फाईल ठेवल्या आहेत, त्याच्यावरच बसून एक फाईल उघडावी. ती लगेच उघडली आणि पोर्टल उघडत नसेल, तर अडचण इंटरनेटची किंवा पोर्टलची. पोर्टल चालतं, पण शेजारच्या संगणकावरून फाईल उघडत नाही, तर अडचण केंद्रातलीच.

डिस्क : मुख्य संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. गर्दीच्या वेळी त्यात डिस्क सतत १०० टक्के दिसली, तर मूळ दोष तिथे आहे. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी दांडी जागा बदलत राहते. पाच जणांनी पाच फाईल मागितल्या की तिचा वेळ पळापळीतच जातो. एसएसडीत अशी दांडीच नसते, त्यामुळे ती बसवली की मोठा फरक पडतो. अँटीव्हायरसची पूर्ण तपासणी त्याच वेळी चालू असेल, तर ती रात्रीवर टाकावी.

केबल आणि स्विच : १०० एमबीपीएसच्या स्विचमधून सेकंदाला साधारण १२ एमबीच जातात. पाच जणांत वाटल्यावर प्रत्येकाला अडीचच्या आत. गिगाबिट स्विच दहापट वेगाचा, पण त्याला केबलमधल्या आठही तारा लागतात. उंदरानं एक तार कुरतडली, तरी वेग १०० वर येऊ शकतो आणि काम चालू दिसत असल्यानं कोणाच्या लक्षात येत नाही. मुख्य संगणक वायफायवर नको, केबलवरच हवा.

वीज : संगणक इन्व्हर्टरवर आणि स्विच साध्या बोर्डावर असेल, तर लाईट गेली की सगळ्यांच्या उघड्या फाईल लटकतात. स्विचही इन्व्हर्टरवर घ्यावा.

स्कॅन : ६०० ऐवजी ३०० डीपीआयवर स्कॅन केलं, तर चित्रातले ठिपके चौथ्या हिश्श्यावर येतात. अक्षर वाचता येतंच, फाईल मात्र हलकी होते.

एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा पाच जणांना एकदम बसवून बघावं. एकट्यानं तपासलं तर सगळं ठीकच दिसणार.

शेतकऱ्यांनीही शेवटच्या दिवसाची वाट बघू नये. कागद दिले म्हणजे अर्ज भरला, असं होत नाही. अर्ज क्रमांक असलेली पावती हातात पडल्याशिवाय केंद्रातून निघू नये. केंद्रात अडलंच तर बँकेतून किंवा पीक विमा योजनेच्या पोर्टलवर स्वतःही अर्ज भरता येतो. नेटवर्क अर्धा तास अडकलं तर केंद्रचालकाचा वेळ जातो. मुदत हुकली, तर शेतकऱ्याचं अख्खं पीक विम्याविना राहतं.