खण बसेपर्यंत

सकाळी ७.१५. एसटीत खिडकीशी बसलाय. वय १९, चंद्रपूरच्या आयटीआयत सुतारकामाला. पिशवीत डबा आणि फडक्यात गुंडाळलेल्या तीन पटाश्या. वर्कशॉपमध्ये आहेत पटाश्या, पण प्रत्येकाने आपल्या हिशेबाने घासलेल्या. म्हणून स्वतःच्या घेतल्या. नऊशे रुपये गेले.

८.००. पहिला अर्धा तास लाकडाला हात नाही. तेलाच्या दगडावर धार. उतार २५ अंशांचा, टोकाशी ३०. मनगटावरचे केस निघाले की झालं. सागात सिलिका असते, पातं लवकर बोथटतं. बल्लारपूरचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला. इथे वखारीतले तुकडे येतात, किलोवर घेतलेले.

८.४०. ड्रॉइंग. त्याचं बैठं मेज, खाली एक खण. शिल्पनिदेशक कागद बघतात.
‘कोणासाठी बनवून राहिला?’
‘आबाजीसाठी, सर.’
‘त्यांना बसवून मोजलं?’
नाही मोजलं. सर त्यालाच फरशीवर मांडी घालायला लावतात, गुडघ्याला टेप लावतात. खणाखाली गुडघा मावत नाही. खणाची उंची पाऊण इंचाने घटते.

१०.००. डोव्हटेल. उतार एकास आठ. पेन्सिलीची रेघ जाड, म्हणून चाकूने आखायचं. पटाशीचं टोक त्या चिरेत आपोआप बसतं. करवत टाकाऊ बाजूला. रेघ शाबूत राहिली पाहिजे. एका कोपऱ्याला दीड तास. वेळ जातो तो मधला माल काढण्यात: अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग फळी उलटून.

१.१५. डबा संपला. सांधा अर्धा जातो आणि अडतो. हातोडीचा मोह होतो. सागाची फळी चिरली तर सकाळ वाया. जिथे घासल्याची चकाकी दिसते तिथेच पटाशी, पापुद्र्याएवढी.

३.३०. साग तेलकट. थिनरने पुसून मग फेव्हिकॉल. क्लॅम्प. दोन्ही कर्ण टेपने मोजतो. दोन मिलिमीटरचा फरक. क्लॅम्प तिरका सरकवतो, फरक जातो.

संध्याकाळी ५.३०. एका फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन. इथेही खण. प्लायचे, स्क्रूने जोडलेले, चॅनलवर सरकणारे. आठपर्यंत पाच होतात. हजेरी साडेतीनशे. हिशेब शनिवारी, त्यातले अडीचशे रंध्याच्या नव्या पात्याला.