होसकोटे : चोळीबांगडीचा मुलूख आणि विक्रीच्या रकमेवरील हक्क

स्थावर मालमत्ता विकली गेली म्हणजे तिच्यावरील हक्क मिळालेल्या रकमेकडे वळतात. मात्र ज्याचा हक्क मालकीचा नसून केवळ उत्पन्नाच्या उपभोगाचा आहे, त्याचा दावा त्या रकमेवर टिकतो काय, हा प्रश्न न्यायशास्त्राप्रमाणेच संहितांच्या तुलनात्मक वाचनाचाही आहे. बंगळूरच्या पूर्वेकडील होसकोटे या ठाण्याच्या संदर्भात तो विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

१६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतले. होसकोटे, कोलार, दोड्डबाळापूर, शिरे या प्रदेशासह ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६६४ मध्ये शहाजीराजे निवर्तले, त्या वेळी कर्नाटकातील दौलत व्यंकोजीराजांच्या ताब्यात होती. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी तिचा निम्मा वाटा मागितला. पित्याच्या दौलतीत पुत्राला जन्मतःच स्वत्व प्राप्त होते, हे मिताक्षरेचे तत्त्व या मागणीस पोषक होते. उलटपक्षी जहागीर ही बादशाही चाकरीची देणगी. तिला वडिलार्जित वतनाप्रमाणे वाटणी लागू होते का, ही शंकाही रास्तच म्हणावी लागेल.

लढाईनंतर उभय बंधूंमध्ये तह झाला. ‘शिवदिग्विजय’ बखरीत त्याची एकोणीस कलमे आढळतात. ही बखर उत्तरकालीन असून तिच्या प्रामाण्याविषयी मतभेद आहेत. म्हणून कलमे अस्सल कागदाप्रमाणे नव्हे, तर मराठी मनाने न्याय्य वाटणीची जी कल्पना केली तिची साक्ष म्हणून वाचणे अधिक सुरक्षित. त्यांतील एक कलम असाधारण आहे. बंगळूर, ‘बासकोट’ आणि शिलेकोट यांच्या मुलखाचे उत्पन्न २ लक्ष बराई असून नीट कारभार केल्यास ते ५ लक्षांपर्यंत जाईल, असे सांगून हा मुलूख व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला आहे. पुढे तो आईकडून मुलीकडेच जावा, अशी अट आहे. बासकोट म्हणजे होसकोटे, असा अर्थ सामान्यतः लावला जातो.

‘चोळीबांगडी’ हा शब्द घरगुती आहे. त्यामागची रचना मात्र स्त्रीधनाची आहे. स्त्रीधनाच्या वारसात कन्येस अग्रक्रम असतो, आणि विज्ञानेश्वराने त्याची व्याप्ती वारशाने व वाटणीने मिळालेल्या धनापर्यंत वाढविली. जीमूतवाहनाने ती बरीच आखडती ठेवली. बखरीतील कलम अर्थातच पहिल्या परंपरेशी जुळते.

यानंतर बंगळूर विक्रीस निघाले. विल्क्सच्या १८१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या म्हैसूरच्या इतिहासानुसार एकोजीने, म्हणजेच व्यंकोजीराजांनी, चिक्कदेवराज वडेयर यांच्याशी ३ लक्ष रुपयांना सौदा ठरविला. (तंजावरची गादी १६८४ च्या सुमारासच दुसऱ्या शहाजीकडे गेल्याचे मानले जाते, तेव्हा विक्रेता नेमका कोण, हेही निर्विवाद नाही.) सौदा पुरा होण्यापूर्वीच, जुलै १६८७ मध्ये, मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले व त्याच किमतीस ते म्हैसूरच्या हवाली केले. संभाजी महाराजांच्या वतीने जिंजीहून हरजी महाडिक यांनी धाडलेली फौज उशिरा पोहोचली. खरेदीदाराच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. बदलला तो रक्कम घेणारा हात.

या हकिकतीत ताबेदार आहे, वाटेकरी बंधूचा पुत्र आहे, विजेता आहे, दीपाबाई नाहीत. बखरीतील तह हा कुटुंबाचा दस्तऐवज आहे, म्हणून त्यात सुनेचा हक्क कलमाएवढी जागा घेतो. विल्क्सचे कथन राज्यांच्या व्यवहाराचे असल्याने त्यात किंमत तेवढी उरते. दोन संहितांतील हा फरक लेखकांच्या पक्षपातापेक्षा लेखनप्रकारांच्या स्वभावातून अधिक येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ३९ वे कलम येथे तुलनेस घेण्याजोगे आहे. स्थावराच्या उत्पन्नातून निर्वाहखर्च मिळण्याचा तिऱ्हाइताचा हक्क, त्याची कल्पना असलेल्या किंवा मोबदल्याविना मालमत्ता मिळविणाऱ्या हस्तांतरितीविरुद्ध बजावता येतो. मोल देऊन अजाणता घेणाऱ्याविरुद्ध नाही. त्या कसोटीवर वडेयरांना चोळीबांगडीचे कलम ठाऊक होते काय, हाच निर्णायक प्रश्न ठरला असता. कासिमखानाची बाब निराळी : जिंकून घेणाऱ्याला ही कसोटी लागूच पडत नाही.

होसकोटे स्वतः मोगलांच्या शिरे सुभ्याचा परगणा झाले. १७६१ मध्ये मराठ्यांच्या ताब्यातील या किल्ल्याला वेढा घालून बसलेल्या बसालतजंगाने हैदर अलीला शिऱ्याची नबाबी दिली. शिरे त्या वेळी बसालतजंगाच्या हाती नव्हते, आणि ठरलेली रक्कम पुन्हा ३ लक्षच होती.