बरं वाटणं आणि बरं होणं : योग, कला आणि व्यक्त होण्याची वाट

योग आणि कला, या दोन्ही विषयांवर बोलताना एक अडचण असते. दोन्हींबद्दल चांगलंच बोलायचं, असं जणू ठरलेलं आहे. योगाने सगळे रोग जातात, कलेने मन मोकळं होतं, टाळ्या, चहा आणि घरी! आज आपण तसं करायचं नाही. या दोन गोष्टींनी माणसाला नेमकं काय मिळतं, कसं मिळतं, आणि काय मिळत नाही, हे जरा तपासून बघू.

सुरुवात आपल्या रोजच्या बोलण्यापासून करू. घरात कुणी आजारी असलं, की आपण विचारतो, "आज बरं वाटतंय का?" आणि काही दिवसांनी विचारतो, "बरा झालास ना?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बरं होणं म्हणजे आजार जाणं. बरं वाटणं म्हणजे आपल्या शरीरात आणि मनात पुन्हा नीट राहता येणं. कधीकधी तपासण्यांचे सगळे आकडे ठीक येतात, पण माणसाला बरं वाटत नाही. कधी उलट होतं, आजार आयुष्यभराचा असतो, तरी माणूस स्वस्थ असतो. 'स्वस्थ' या शब्दाची फोडच मुळी 'स्व'मध्ये स्थिर असलेला अशी आहे. योग आणि कला मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाशी झगडतात. एवढं लक्षात ठेवलं, तर पुढचे बरेच गोंधळ टळतात.

आता एक गोष्ट. एड्रियन हिल नावाचे एक इंग्रज चित्रकार होते. १९३८ साली क्षयरोगामुळे त्यांना इंग्लंडमधल्या एका सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. त्या काळी क्षयावर हमखास औषध नव्हतं. महिनोन्‌महिने पडून राहायचं, हाच मुख्य उपचार. पडल्यापडल्या हिल समोर दिसेल ते रेखाटू लागले. नंतर त्यांनी शेजारच्या रुग्णांना चित्रं काढायला लावलं, युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांनाही. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यांनीच १९४२ च्या सुमारास रूढ केला. चित्रांनी क्षय गेला, असं मात्र झालं नाही. चित्रांनी केलं ते एवढंच, की नुसता वाट पाहत पडलेला माणूस पुन्हा काहीतरी करणारा माणूस झाला. आजारपणात पहिल्यांदा हरवतं ते हेच. बाकीचे लोक आपल्यासाठी करतात, आपण फक्त करून घेतो.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची, मुंबई-पुण्याची. बी. के. एस. अय्यंगार यांचं नाव आपल्याला माहीत आहे. जन्म १९१८, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं होऊन गेलेलं. शरीर इतकं अशक्त, की मेव्हण्यांनी, म्हणजे टी. कृष्णमाचार्यांनी, मैसूरला योग शिकवायला सुरुवात केली ती तब्येत सुधारावी म्हणून. १९३७ मध्ये ते पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. १९५२ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन भारतात आले होते. मुंबईत दोघांची भेट ठरली ती अगदी काही मिनिटांची. मेनुहिन थकलेले होते, झोप नीट लागत नव्हती. अय्यंगारांनी त्यांना कोणतंही अवघड आसन शिकवलं नाही. फक्त आडवं केलं, डोळ्यांवर बोटं ठेवली. मेनुहिन गाढ झोपले आणि सुमारे तासाभराने ताजेतवाने होऊन उठले.

पुढे मेनुहिन त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले. १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं आणि त्यावर कोरून घेतलं, की माझा सर्वांत चांगला व्हायोलिनशिक्षक तुम्ही आहात. आता बघा, अय्यंगार काही व्हायोलिनवादक नव्हते! मग त्यांनी शिकवलं काय? खांदा कुठे विनाकारण आवळला जातोय, मान कुठे ताठ होतेय, श्वास कुठे अडतोय, हे ओळखायला शिकवलं. व्हायोलिन हनुवटी आणि खांद्यामध्ये धरून तासन्‌तास वाजवायचं असतं. शरीरात नको तिथे ताण असेल, तर तो थेट सुरात उतरतो. म्हणजे कला आणि योग यांची गाठ एखाद्या गूढ जागी पडत नाही, ती खांद्यात पडते, मनगटात पडते, श्वासात पडते.

इथे थोडं शास्त्र बघू. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडतो तेव्हा किंचित कमी होतात. म्हणून उच्छ्वास सावकाश आणि लांब केला, की शरीराला 'आता धोका नाही' असा निरोप जातो. भीती, चिंता, जुना आघात यांत शरीर कायम पळण्याच्या नाहीतर लढण्याच्या तयारीत असतं. अशा माणसाला 'शांत हो' म्हणून काही होत नाही, कारण ती तयारी शब्दांना दाद देत नाही. श्वासाला मात्र थोडीफार देते.

कलेचं काम इथून पुढे सुरू होतं. काही अनुभव असे असतात, की ते सांगायला शब्दच सापडत नाहीत, किंवा सापडले तरी उच्चारायची सोय नसते. रंग, रेषा, माती, सूर यांत ते बाहेर ठेवता येतात. आतली गोष्ट एकदा समोर कागदावर आली, की आपण तिच्याकडे बघू शकतो. आत असताना ती आपल्याकडे बघत असते.

हे सगळं परदेशातून आलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या. खुंटा धरून हात गोल फिरतोय, त्या लयीत श्वास चाललाय, आणि त्याच लयीत ओवी. माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकाचं कौतुक, विठोबाशी भांडण, जे दिवसाउजेडी कुणाला सांगता यायचं नाही, ते सगळं त्या ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा १,००,००० हून अधिक ओव्या गोळा झाल्या. एवढ्या बायकांना एवढं बोलायचं होतं! मग पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. जात्याचं उगाच गोडवं गायला नको. पण गिरणीने दळण घेतलं, त्याबरोबर बोलायची जागाही घेतली. ती जागा पुन्हा कुठे तयार झाली? की झालीच नाही? योगाचा वर्ग, चित्रांचा गट, भजनी मंडळ, यांच्याकडे आपण या नजरेने बघितलं पाहिजे.

आता पुराव्यांकडे येऊ. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मनाला येईल ते करायला सांगितलं, रंग, कोलाज, माती, काहीही. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालं. आणि महत्त्वाचं म्हणजे, कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी जुन्या मानसिक आघाताने ग्रासलेल्या ६४ स्त्रियांवर अभ्यास केला. १० आठवडे योग केलेल्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया शेवटी त्या आजाराच्या निकषांत बसत नव्हत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. पण नीट ऐका, तिथे योग हा उपचारांच्या जोडीला होता. उपचारांच्या जागी नव्हता.

हा फरक आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण इथेच माणसं फसतात. थोडं बरं वाटायला लागलं, की गोळ्या बंद. रक्तदाबाच्या, साखरेच्या, नैराश्याच्या गोळ्या परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मानेचा त्रास, काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका. फिट्स येत असतील किंवा गरोदरपण असेल, तर जलद श्वसनाचे प्रकार टाळा. आणि मनावर मोठा आघात झालेल्या कुणाला डोळे मिटून शवासनात भीती वाटली, तर डोळे उघडे ठेवू द्या, बसून करू द्या. जबरदस्तीची शांतता ही शांतता नसते.

मग घरी काय करायचं? रोज अर्धा तास काढा. पहिली दहा मिनिटं खुर्चीवर किंवा सतरंजीवर बसून खांदे, मान, मनगटं सावकाश हलवा, आणि उच्छ्वास थोडा लांब करा. श्वास कोंडू नका. पुढची पंधरा मिनिटं कागद आणि खडू. चित्र काढायचं नाही, हात फिरू द्यायचा. शेवटची पाच मिनिटं नुसतं बघायचं. छान झालं, वाईट झालं, असं म्हणायचं नाही. तो कागद कुणाला दाखवायचा की फाडायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा.

व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "पण आम्हाला चित्र येतच नाही, त्याचं काय?" शाळेत कधीतरी आपल्या चित्रावर लाल शेरा पडलेला असतो आणि चाळीस वर्षं तो पुसला जात नाही. त्यांना आमचं उत्तर एवढंच : जात्यावर बसणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही, की तुला गाणं येतं का. ती गायली, कारण तिला सांगायचं होतं. तुम्हाला सांगायचं आहे का, एवढंच बघा.

आज इथेच थांबू.