काट्याची साक्ष

आमची जुनी शंभर सीसीची गाडी चढाला दम टाकू लागली, तेव्हा एका मिस्त्रींनी प्लग काढून तिथे काँप्रेशन गेज लावला, चार किक मारल्या आणि काटा दाखवला. ९५ पीएसआय. "काँप्रेशन गेलंय साहेब, बोअर मारायला लागेल." आठवड्याने दुसऱ्या गॅरेजात तेच इंजीन, आणि काटा १४५ वर! मधल्या काळात गाडीला कुणी च्यवनप्राश खाऊ घातला नव्हता. फरक गेजमध्ये होता.

गेज तसा साधा असतो. तबकडीमागे एक वाकवलेली, चपटी, एका टोकाला बंद धातूची नळी. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि तिची ती इवलीशी हालचाल दातेरी चाकांवरून काट्यापर्यंत पोचते. फ्रान्सच्या यूजीन बूर्दोंनी १८४९ मध्ये या नळीचं पेटंट घेतलं. पंक्चरवाल्याच्या हवेच्या टाकीवरही बहुधा हीच असते.

खरी गोम असते ती रबरी पाइपात. शंभर सीसीच्या इंजिनात काँप्रेशन रेशो ९ धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम साडेबारा घनसेंटिमीटर. गेजचा एकमार्गी व्हॉल्व्ह तबकडीजवळ असेल, तर मधल्या पाइपातली पोकळीही त्या जागेत धरली जाते. पाच मिलिमीटर भोकाचा फूटभर पाइप म्हणजे जवळपास सहा घनसेंटिमीटर. नऊचा रेशो साडेसहाच्याही खाली! मोटारीच्या पाचशे सीसीच्या सिलिंडरला तेवढा पाइप फारसा जाणवत नाही. मोपेड-मोटरसायकलवाल्यांचा मात्र बळी जातो. व्हॉल्व्ह प्लगच्या भोकाशीच असेल, तर पाच-सात किकांत पाइप भरतो आणि काटा खऱ्या आकड्यावर थांबतो. तो व्हॉल्व्ह दिसतो ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा, पण त्याची स्प्रिंग मुद्दाम नाजूक ठेवलेली असते. खराब झाला म्हणून पंक्चरवाल्याकडचा बसवला, की आकडा पुन्हा खाली.

उरलेल्या चुका माणसाच्या. इंजीन गार, किक अर्धवट, अॅक्सिलरेटर बंद. हवा आत जाऊच दिली नाही तर पिस्टन दाबणार काय? जागाही बघावी लागते: मुंबईत १५० दाखवणारं इंजीन १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात १२८च्या आसपास दाखवेल, आणि त्यात दोष कुणाचाच नसेल.

म्हणून माझं मत असं, की एकट्या आकड्याला फार मान देऊ नये. चार सिलिंडर असतील तर त्यांच्यातला फरक बघावा. एकच असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चांगला चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. ढिम्म राहिला तर इंजिनाचा व्हॉल्व्ह गळतोय, किंवा हेडचं गॅस्केट. ही तुलना वाईट गेजही बऱ्यापैकी करतो. फक्त पेट्रोलचा गेज डिझेल इंजिनाला लावू नका, तिथला दाब दुप्पट-तिप्पट असतो.

बोअर मारायला होकार देण्याआधी मिस्त्रींना दुसरा गेज लावायला सांगा. चांगला मिस्त्री रागावत नाही. आमच्या गाडीच्या क्लचप्लेटा झिजलेल्या निघाल्या.