अझोर्स : आगीतून उगवलेली नऊ बेटं

लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे १,४०० किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये पोर्तुगालची ही नऊ बेटं आहेत. साओ मिगेल बेटावरच्या फुर्नासला तळ्याकाठी जमिनीतून वाफा येतात. पहाटे तिथल्या खड्ड्यांत मांस, कोबी, रताळी, गाजरं भरलेली मोठी पातेली उतरवून वर माती लोटतात. साधारण सहा तासांनी, दुपारच्या जेवणाला ती वर काढतात. विस्तव नाही, फक्त जमिनीची ऊब. हे काढणं बघायला वेळेवर पोहोचाच.

फायाल बेटाच्या पश्चिम टोकाला कापेलिन्योश ज्वालामुखी आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये समुद्रातून उद्रेक सुरू झाला आणि तो तेरा महिने चालला. तिथल्या दीपगृहाचा खालचा मजला राखेत गाडला गेला, हजारो माणसं अमेरिकेला गेली. त्या करड्या उतारावर चालताना पाय घोट्यापर्यंत रुततात.

समोरच्या बेटावरचं पिको (२,३५१ मीटर) हे पोर्तुगालचं सर्वांत उंच शिखर. चढाईआधी पायथ्याच्या केंद्रात नोंदणी सक्तीची आहे. ढग केव्हा उतरतील याचा नेम नाही, म्हणून वाटाड्या घ्याच.

इथे १९८० च्या दशकापर्यंत देवमाशांची शिकार होई. तेव्हाचे किनाऱ्यावरचे टेहळणी बुरूज आजही वापरात आहेत. दुर्बिणीतून फवारा दिसला की टेहळ्या पर्यटकांच्या होड्यांना दिशा कळवतो.

तेर्सेरा बेटावरचं आंग्रा बंदर आपल्यालाही जवळचं. गोव्याहून मिरी-मसाले घेऊन परतणारी पोर्तुगीज जहाजं तिथे थांबत.